काटेवाल्याची दोन बेटं

माझा धाकटा दीर वजनकाटे दुरुस्त करतो. वाण्याचा दांडीचा तराजू, रद्दीवाल्याचा स्प्रिंगचा काटा, पोस्टातला पाकिटं तोलायचा, दवाखान्यातला तान्ह्या बाळांचा, सगळे त्याच्याच हाताखालून जातात. बाजारात त्याला काटेवाला म्हणतात. घरात तो भाऊजी.

मी लग्न होऊन आले तेव्हा मी अठरा वर्षांची आणि हा सहा. नाक वाहणाऱ्या पोराला भाऊजी म्हणायचं माझ्या जिवावर यायचं, पण सासूबाईंचा धाक होता. मग मी तोड काढली. हाक भाऊजी आणि बाकी सगळं अरे-तुरे. ‘भाऊजी, नाक पूस.’ ‘भाऊजी, कान धुतलेस का?’ दोन वर्षांनी सासूबाई गेल्या आणि तो माझ्याच पदरात पडला, तेव्हापासून हेच चालू आहे. आता तो अठ्ठावन्नचा आहे. अर्धे केस पांढरे झाले, उरलेले गेले. कान मात्र स्वच्छ असतात.

लहानपणी त्याला पाव दिला की मधोमध कापायचा. अर्धा स्वतःला, अर्धा दादाला, म्हणजे आमच्या ह्यांना. कापून झालं की दोन्ही अर्धे दोन हातांत धरून उभा. कुठला घ्यावा ते ठरेना. हा उभाच, आणि आमचे हे दोन्ही अर्धे खाऊन मोकळे. तरी पोर रडायचं नाही. ‘दोन्ही सारखेच होते ना, दादा?’ एवढंच विचारायचं.

सोळाव्या वर्षी तो एका म्हाताऱ्या काटेवाल्याच्या हाताखाली लागला आणि तिथं पोराला स्वर्ग सापडला. दुकान म्हणजे एक खिंड. समोरच्या भिंतीला खिडकी, खिडकीखाली लाकडी बाक, बाकावर मखमलीच्या खणांची पेटी आणि पेटीत पितळेची वजनं. त्या वजनांना बोट लावायचं नाही, चिमट्यानंच उचलायची. बोटाचा घामसुद्धा तोलात जातो म्हणे. काटा साफ करायचा, सपाटीवर बसवायचा, दोन्ही पारड्यांत सारखी वजनं ठेवायची आणि मग हात मागे बांधून बघत राहायचं. काटा डोलतो, डोलतो, हळूहळू मधल्या रेघेवर येऊन थांबतो. तो थांबेपर्यंत भाऊजी बोलत नाही. वाणी दुकान उघडायची घाई करत उभा असतो, हा हातानंच त्याला गप्प करतो. काटा थांबला की चेहरा असा उजळतो, जसा दुसऱ्या कुणाचा स्वतःचा मुलगा पास झाल्यावर उजळेल.

आता त्याच्या लग्नाचं सांगते. म्हणजे न झालेल्या.

सव्वीस वर्षांचा असताना एक मुलगी सांगून आली. छापखान्यात पुस्तकं बांधायची. हसरी, हाताला चपळ, आम्हाला सगळ्यांना आवडली. भाऊजी म्हणाला, ‘विचार करतो.’ महिना गेला. मी विचारलं, ‘काय रे, मुलीत काही खोट आहे का?’ म्हणाला, ‘एकही नाही. पण आपल्यात काय कमी आहे तेही बघायला हवं ना?’ असे आठ महिने बघितलं. नवव्या महिन्यात तिच्या लग्नाची पत्रिका आली. भाऊजीनं ती दोनदा वाचली, घडी घातली आणि म्हणाला, ‘वहिनी, मी हो म्हणणार होतो गं.’ आमचे हे त्या दिवशी जेवले नाहीत. मी जेवले, कारण चिडले की मला भूक जास्त लागते.

त्यानंतर सत्तावीस वर्षं त्याच्या लग्नाचा विषय आमच्या घरात कुणी काढला नाही.

मग बाळंतिणींच्या दवाखान्यातला काटा बिघडला. सगळी बाळं कमी भरायला लागली, आया रडायला लागल्या. तिथल्या मोठ्या नर्सबाईंनी काटेवाल्याला बोलावलं. त्यांना सगळे सिस्टर म्हणतात, मीही तेच म्हणते. भाऊजी दिवसभर तिथं बसला. काटा सुटा केला, पुसला, जोडला, आणि बाळाऐवजी पिठाची पिशवी ठेवून चाळीस वेळा तोलली. सिस्टरनी चहा पाजला. पुढच्या आठवड्यात हा परत गेला, ‘काटा बघून येतो’ म्हणून. मग दर आठवड्याला जायला लागला. काटा तर अख्ख्या बाजारात दुसरा नसेल इतका नीट चालत होता. चार वर्षं हा बघून येत होता. शेवटी सिस्टरच म्हणाल्या, ‘हे बघा, काटा बरा आहे. आता आपण लग्न करायचं का?’ भाऊजी म्हणाला, ‘हो.’ एका दमात! मला वाटलं, चला, गाडी रुळावर आली.

तारीख ठरली. सोमवारी नोंदणी कार्यालयात सह्या, चार माणसं, बस्स.

तेवढ्यात हे बेटांचं आलं. ज्या कंपनीचे काटे भाऊजी दुरुस्त करतो, तिनं पस्तीस वर्षांच्या कामाबद्दल त्याला बक्षीस पाठवलं. दोन माणसांची सहल, फेब्रुवारी महिन्यात, कॅरिबियन समुद्रातल्या पाच बेटांपैकी आपण निवडू त्या एका बेटावर. सोबत गुळगुळीत कागदाची जाड पुस्तिका आणि एक फॉर्म. फॉर्म शुक्रवारी पाचच्या आत ट्रॅव्हल ऑफिसात द्यायचा.

‘हनिमूनलाच जा की,’ माझी नात म्हणाली. ती बँकेत आहे, इंग्रजी फाडफाड वाचते. ‘लोक तिथं हनिमूनलाच जातात, आजी.’

भाऊजीचे कान लाल झाले. माझेही झाले असतील. आमच्या वेळचा हनिमून म्हणजे ह्यांच्या मावशीकडे दोन दिवस, आणि मावशी मधल्या खोलीत.

लग्नाला आठ दिवस असताना, रविवारी, सिस्टर आमच्याकडे आल्या होत्या. पुस्तिका टेबलावर होती. भाऊजीनं ती त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी एका बोटानं परत ढकलली.

‘तुम्ही ठरवा. मला विचारायचं नाही. मी न्याल तिथं येणार.’

‘पण तुम्हाला काय आवडतं ते तरी...’

‘विचारायचं नाही म्हटलं ना.’

मग कप विसळायला म्हणून माझ्यामागे स्वयंपाकघरात आल्या आणि नळ सोडून हळूच म्हणाल्या, ‘वहिनी, मी बावन्न वर्षांची. वडिलांचं ऑपरेशन करायचं की नाही, मी ठरवलं. भावानं काय शिकायचं, मी ठरवलं. वॉर्डात दोन बाळं एकदम निळी पडली तर आधी कुणाला उचलायचं, तेही मीच ठरवते. एक बेट दुसऱ्या कुणीतरी ठरवू दे. यांना तेवढंही जमणार नसेल तर पुढच्या सोमवारी मी सही करणार नाही. दिवसभर पेशंट सांभाळून घरी आणखी एक पेशंट मला नको.’

‘हे त्याला सांगू का?’

‘मुळीच नाही. घाबरून ठरवलेलं मला नको.’

माझ्या पोटात गोष्ट राहत नाही हे घरच्या मांजराला माहीत आहे. तरी ही मी ठेवली. कशी ते मला विचारा.

दुसऱ्याच दिवसापासून आमच्या घराचं ट्रॅव्हल ऑफिस झालं. नात पुस्तिका वाचायची, भाऊजी कागदावर रेघा ओढायचा. अरुबा कोरडं, तिकडे वादळं सहसा फिरकत नाहीत. पण फेब्रुवारीत वादळं तशीही नसतात, मग त्याचं कौतुक काय, म्हणून ते गेलं. अँटिग्वाला म्हणे वर्षात जितके दिवस तितके किनारे. भाऊजी दचकला. ‘तिथं जाऊन परत निवडत बसायचं?’ तेही गेलं. जमैका मोठं, धबधबे, डोंगर, नाचगाणी. आठ दिवसांत अर्धंच बघून होईल आणि उरलेल्या अर्ध्याची हुरहुर लागेल, म्हणून जमैका गेलं. उरली दोन. सेंट लुसिया आणि बार्बाडोस. पहिल्यात समुद्रातून सरळ वर आलेले दोन उंच सुळके, गर्द झाडी, गरम पाण्याचे झरे. दुसरं त्या मानानं सपाट, पांढरी वाळू, आणि पश्चिमेच्या बाजूला समुद्र अगदी शांत.

‘वा!’ मी म्हटलं. ‘पाचातून दोन दिवसांत दोनावर आलास. आता एक बोट ठेव.’

बोट कुठलं ठेवतोय! दुकानातून दांडीचा तराजू उचलून आणला आणि जेवणाच्या टेबलावर मांडला. डावं पारडं सेंट लुसिया, उजवं बार्बाडोस. एकेक गोष्टीला एकेक वजन, चिमट्यानं. सिस्टरना विचारायचं नव्हतं, म्हणून हा दवाखान्यातल्या आयाबाईंना विचारून आला, पहारेकऱ्याला विचारून आला, कपडे धुणाऱ्याला विचारून आला. आयाबाई म्हणाल्या, सिस्टरना पाण्याची भीती आहे; मग वाळूपेक्षा डोंगर बरे. पंचवीस ग्रॅम डावीकडे. पहारेकरी म्हणाला, घाटातल्या बसमध्ये सिस्टरना मळमळतं; सेंट लुसियाचे रस्ते वळणावळणाचे; पंचवीस ग्रॅम उजवीकडे. त्यांना झाडं आवडतात, डावीकडे. त्यांची पावलं दुखतात, सपाट जमीन बरी, उजवीकडे. आम्ही दोन दिवस ताटं मांडीवर घेऊन जेवलो.

बुधवारी संध्याकाळी भाऊजीनं शेवटचं वजन ठेवलं आणि हात मागे बांधले. आम्ही सगळे श्वास धरून उभे. काटा डोलला, डोलला आणि मधल्या रेघेवर येऊन थांबला. केसाचाही फरक नाही.

आणि भाऊजीचा चेहरा उजळला.

‘झालं!’ म्हणाला. ‘बघ वहिनी, तंतोतंत!’

मी त्याच्याकडे बघतच राहिले. चाळीस वर्षं ज्याचं काम काटा मधोमध आणायचं, त्याला काटा मधोमध आला म्हणजे काम फत्ते. त्याला कळलंच नाही की काहीच झालेलं नाही. आमचे हे खुर्चीतून म्हणाले, ‘अरे शहाण्या, रिकामा काटासुद्धा मधोमधच असतो!’ भाऊजीनं ऐकून घेतलं, पण हसतच होता. तराजू तसाच अलगद उचलून, वजनांसकट, दुकानात घेऊन गेला. त्याची चाल बघून वाटलं असतं, लेकरू झोपलंय हातावर.

गुरुवारी दुपारी दवाखान्याच्या फाटकापाशी त्यानं सिस्टरना गाठलं आणि सांगितलं, दोन्ही बेटं बरोबरीत आली. मग धावतपळत आमच्याकडे.

‘वहिनी, सांगितलं तिला.’

‘काय म्हणाल्या?’

‘छान म्हणाली.’

‘कसं म्हणाल्या छान?’

‘कसं म्हणजे? छान असं म्हणाली आणि आत गेली.’

मी कपाळाला हात लावला. अर्ध्या तासात फोन आलाच.

‘वहिनी, सोमवारचं राहू दे,’ सिस्टर म्हणाल्या. आवाज अगदी साधा, औषधाची वेळ सांगावी तसा. ‘नोंदणीवाल्यांना मी कळवते.’

‘अहो, मुदत उद्या पाचपर्यंत आहे ना? पाचपर्यंत थांबा.’

मागे कुठलं तरी बाळ रडत होतं.

‘पाचपर्यंत थांबते. पण तुम्ही त्यांना काही सांगायचं नाही.’

शुक्रवारी सकाळी मी डबा घेऊन दुकानात गेले. सांगायचं नव्हतं, पण विचारायला बंदी नव्हती. तराजू बाकावर होता, त्यावर काचेची झाकणपेटी, वारा लागू नये म्हणून. भाऊजी शेजारी बसून रद्दीवाल्याचा काटा पुसत होता.

‘हे सगळं कुणाचं आहे रे?’ मी काचेला बोट लावून विचारलं.

‘काय कुणाचं?’

‘वजनं. पाय दुखतात ते सिस्टरचं. झाडं सिस्टरची. मळमळतं ते सिस्टरना. यात तुझं कुठलं?’

तो फडका घासत राहिला.

‘सहा वर्षांचा होतास तेव्हापासून बघते आहे. तुला काय हवंय ते मला अजून माहीत नाही. तुला तरी आहे का?’

‘माझं वजन ठेवलं तर काटा जाईल ना एकीकडे,’ तो म्हणाला.

‘म्हणजे आहे तर!’

त्यानं फडका ठेवला. खिडकीतून रस्त्याकडे बघत म्हणाला, ‘दुकानातले म्हातारे उस्ताद सांगायचे, पाण्यात माणसाचं वजन उतरतं. खाऱ्या पाण्यात तर फारच. नीट पडून राहिला तर काट्यावर शून्य यावं. मी आयुष्यभर दुसऱ्यांची वजनं बघितली, वहिनी. मला एकदा शून्य व्हायचंय. त्या पुस्तिकेत एक माणूस आहे, पान बाराला. पाण्यावर उताणा पडलाय, पोटावर टोपी. काही करत नाहीये. ते बार्बाडोस आहे.’

‘मग हे पारड्यात का नाही ठेवलंस?’

‘ठेवू कसं? तिला पाण्याची भीती. माझं अधिक ते तिचं उणे. कशात तोलायचं?’

मला चौथीपुढे शाळा नाही. अधिक-उणे मला फारसं कळत नाही. मी म्हटलं, ‘नको तोलूस. डबा खा, उसळ गार होतेय.’ आणि निघाले. दारात मागे वळून एवढं म्हटलं, ‘ट्रॅव्हल ऑफिस पाचला बंद होतं.’ एवढं बोलले, त्याला सांगणं म्हणत असतील तर म्हणोत.

चार वाजले, साडेचार झाले. आमचे हे अंगणात येरझारा घालत होते. त्यांना खरी गोष्ट माहीत नव्हती, पण माझं तोंड बघून त्यांना कळलं असावं की काहीतरी आहे. पन्नास वर्षांत तेवढं जमतं. नातीनं दोनदा फोन लावला, भाऊजीनं उचलला नाही. पाच वाजले. मी घड्याळाकडे पाठ करून बसले.

पुढचं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं, पण जुळतं.

पाचला दहा कमी असताना तो ट्रॅव्हल ऑफिसात शिरला. तिथल्या मुलीनं सांगितलं, काका, फक्त एका चौकोनात खूण करा. म्हणे पेन टेकवलं आणि हात थांबला. मुलगी म्हणाली, काका, मला बस पकडायचीय. त्यानं खूण केली. इतकी जोरात की कागद फाटला आणि तिला चिकटपट्टी लावावी लागली. पावती घेतली आणि तडक दवाखान्यात. सिस्टरची पाळी सहाला संपते. तो फाटकापाशी उभा राहिला.

‘बार्बाडोस,’ त्या दिसताच म्हणाला. ‘फॉर्म दिला. ही पावती.’

सिस्टरनी पावती वाचली. दोन्ही बाजूंनी.

‘का?’

‘मला पाण्यावर पडायचंय.’

‘मला पाण्याची भीती वाटते.’

‘माहीत आहे. आयाबाईंनी सांगितलं.’

‘तरी?’

‘तरी.’

सिस्टर म्हणतात, तीस वर्षं माणसांची नाडी धरते आहे, पण त्या वेळी माझीच मोजता आली नाही. एवढंच विचारलं, ‘आणि मी तिकडे काय करायचं?’

‘काठावर बसा. नाहीतर पाण्यात या, मी धरतो. ते तुमचं तुम्ही बघा.’

‘ते मी बघते,’ सिस्टर म्हणाल्या आणि पावती स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

सोमवारी सह्या झाल्या. भाऊजीनं नवा शर्ट घातला होता आणि त्याची किमतीची चिठ्ठी काखेत तशीच होती. आमचे हे रडले आणि डोळ्यात काहीतरी गेलं म्हणाले.

दोन-तीन दिवसांनी सिस्टर माझ्याकडे आल्या. आता जाऊबाई म्हणायला हवं, पण तोंडात सिस्टरच बसलंय. म्हणाल्या, ‘वहिनी, एक विचारायचं होतं. यांना पोहता येतं ना?’

मी विचार केला. नदी, तळं, हौद, काही आठवेना. ‘नाही हो. हा तर बादलीतल्या पाण्यानंसुद्धा जपून आंघोळ करतो.’

‘आणि हे मला धरणार होते!’

आम्ही दोघी अशा हसलो की शेजारीण खिडकीत आली.

तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता दोघं नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर जातात. उथळ बाजूला, पाच-सहा वर्षांच्या पोरांच्या वर्गात. परवा मीही गेले बघायला, बाकावर बसले. सिस्टर लांब बाह्यांचा काळा पोशाख घालून कमरेएवढ्या पाण्यात, दोन्ही हातांनी कडेचा दांडा घट्ट धरून. भाऊजी शिकवणाऱ्याच्या हातावर उताणा, फळीसारखा ताठ. शिकवणारा हात काढतो आणि हा बुडतो. नाकातोंडात पाणी जातं, खोकत उभा राहतो, कान चोळतो आणि परत पडतो.

‘मान सोडा,’ सिस्टर दांडा न सोडता ओरडत होत्या. ‘अहो, मान! पोट वर करा. वर बघा, माझ्याकडे नको!’

फेब्रुवारीला अजून दोन महिने आहेत. निघताना पाहिलं, सिस्टरनी दांड्यावरचा एक हात सोडला होता आणि तो त्याच्या मानेखाली धरला होता.